लांबच्या देशात अणुअपघात झाला की ग्रुपवर येणारे मेसेज, आणि खरं काय

रानवारा

मंडळी,

युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या अणुप्रकल्पाजवळ काही झाल्याची बातमी आली रे आली की ग्रुपवर तो मेसेज परत वर येतो. पाऊस आला तर पहिले २४ तास घराबाहेर पडू नका, दारं-खिडक्या लावून घ्या, गळ्याला बेटाडिन लावा कारण रेडिएशन आधी थायरॉइडवर जातं. मजकूर तोच, फक्त प्रकल्पाचं नाव बदलतं. हा मेसेज मुळात मार्च २०११ चा आहे, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघाताच्या वेळचा. बीबीसीची बातमी म्हणून तो आशियाभर फिरला, बीबीसीने असं काही दिलंच नव्हतं, तरी फिलिपिन्समध्ये एका विद्यापीठाने त्यावरून वर्ग सोडून दिले आणि तिथल्या सरकारला खुलासे करत बसावं लागलं.

त्याच आठवड्यात चीनमध्ये, मिठातल्या आयोडीनने थायरॉइड वाचेल असं समजून, आयोडीनच्या मिठावर झुंबड उडाली, दुकानंच्या दुकानं रिकामी झाली. आता हिशोब करून बघा. किलोभर मिठात आयोडीन असतं साधारण २० ते ३० मिलिग्रॅम आणि थायरॉइड वाचवायला मोठ्या माणसाला जी गोळी देतात त्यात असतं १०० मिलिग्रॅम. म्हणजे एका डोसासाठी तीन किलोच्या वर मीठ पोटात घालायला लागेल, त्याच्या कितीतरी आधी माणूस मिठानेच जाईल.

पण असं सांगून लोकांना गप्प करणं एवढंच मला करायचं नाहीये. भीती वाटणं साहजिक आहे, जी गोष्ट दिसत नाही, वास येत नाही, आणि जिच्याबद्दल सरकारं खोटं बोललेली आहेत तिची भीती वाटणारच. माझं म्हणणं इतकंच की घाबरायच्या आधी चार प्रश्न विचारा, काय बाहेर पडलं, किती पडलं, वारा कुठे होता आणि वाटेत पाऊस कुठे झाला.

रिअॅक्टरमधून बाहेर पडतं ते सगळं एकसारखं नसतं. झेनॉनसारखे वायू हवेत मिसळून विरळ होत जातात, कुठे चिकटत नाहीत. इंधनाचे जड कण बहुतेक प्रकल्पाच्या आसपासच पडतात. लांब जातात ती मुख्यतः आयोडीन-१३१ आणि सीझियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं. आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे ८० दिवसांत हजारावा भाग उरतो. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, ते जमिनीत राहतं. पहिल्या काही आठवड्यांची काळजी आयोडीनची आणि पुढच्या वर्षांची सीझियमची, आणि दोन्हीवरचे उपाय वेगळे, हे एवढं जरी लोकांना माहीत असलं ना तरी निम्मे मेसेज फॉरवर्ड व्हायचे थांबतील.

---

सईची_आई

चांगला धागा काढलात. मला हे सगळं वाचून पटतं, तरी रात्री बातमी बघितली की पोटात गोळा येतो. लेक लहान आहे. परवा मैत्रिणीने सांगितलं की तिने पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या ऑनलाइन मागवून ठेवल्यात, तू पण घे आणि मुलीला आत्तापासूनच अर्धी अर्धी दे, म्हणजे शरीरात साठा राहील. हे बरोबर आहे का? कोणी माहीतगार असेल तर प्लीज सांगा, उगाच वेड्यात काढू नका.

---

कातळ

सईची_आई, वेड्यात काढायचा प्रश्नच नाही, बरं झालं विचारलंत. आत्तापासून अजिबात देऊ नका. मी रेडिओलॉजीत काम करतो, रोज छातीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला, लावून उभा असतो, तर जरा सविस्तर सांगतो.

थायरॉइडला आयोडीन लागतं, साधं आणि किरणोत्सारी यातला फरक तिला कळत नाही. गोळीने ती साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायची म्हणजे आयोडीन-१३१ ला जागा राहत नाही. ही भरलेली अवस्था साधारण एक दिवस टिकते. म्हणून गोळी घ्यायची ती किरणोत्सारी ढग पोचायच्या जरा आधी किंवा पोचल्यावर काही तासांत, तेही आरोग्य खात्याने सांगितल्यावर. आठवडाभर आधी घेतलेली गोळी त्या दिवशी काही कामाची नाही. मोठ्यांना पोटॅशियम आयोडाइडची १३० मिलिग्रॅमची गोळी (त्यात आयोडीन १०० मिलिग्रॅम), ३ वर्षांपुढच्या मुलांना त्याच्या निम्मी, एक महिन्याच्या आतल्या बाळाला फक्त १६ मिलिग्रॅम. लहान मुलाला उगाच रोज आयोडीन देत राहिलं तर त्याच गोळीने थायरॉइडचं काम बिघडू शकतं. चाळिशीच्या पुढच्यांना तर बहुतेक वेळा देतच नाहीत.

आणि ती फक्त थायरॉइडसाठी आहे. सीझियमवर तिचा काही उपयोग नाही, बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवरही नाही. हजारो किलोमीटर लांबच्या अपघातात तिची गरजच पडत नाही.

बेटाडिनबद्दल कळकळीने सांगतो, ते जखमेचं औषध आहे. गळ्याला चोळून थायरॉइडला पुरेसं आयोडीन मिळत नाही, आणि कोणी ते पाण्यात घालून प्यायलं तर सरळ विषबाधा. मेसेजमधला हा भाग मला सगळ्यात घातक वाटतो कारण बाटली घरोघरी असते आणि माणूस लगेच करून बघतो.

---

पैलतीर

माहिती छान आहे पण मला एक खटकतं. तुम्ही लोक अफवा पसरवणाऱ्यांवर जेवढं बोलता तेवढं लपवणाऱ्यांवर बोलत नाही. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पाचा चौथा रिअॅक्टर फुटला. प्रिप्याट शहर तिथून ३ किलोमीटरवर, आणि लोकांना हलवायला सुरुवात झाली दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात पोरं बाहेर खेळत होती. जगाला कळलं २८ तारखेला रात्री, तेही चार ओळींच्या निवेदनातून. १ मेला कीव्हमध्ये मुलांसकट मिरवणूक काढली. पुढे ज्या मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला त्यातल्या बऱ्याच मुलांनी तेव्हा आयोडीन-१३१ असलेलं दूध प्यायलं होतं. ते दूध नुसतं थांबवलं असतं तरी खूप फरक पडला असता. २००५ पर्यंत अशा ६००० च्या वर केसेस झाल्या. बहुतेक मुलं उपचारांनी वाचली, पण गळ्यावर व्रण आणि जन्मभर गोळ्या हे काय कमी आहे का?

बरं ते सोव्हिएत म्हणून सोडून द्या. जपानचं काय? त्यांच्याकडे ढग कुठे जाईल हे सांगणारी स्पीडी नावाची यंत्रणा होती, तिचे नकाशे पहिले कित्येक दिवस लोकांना दिलेच नाहीत. नामिए गावची माणसं प्रकल्पापासून लांब म्हणून त्सुशिमा भागात जाऊन थांबली आणि ढग नेमका तिकडेच गेला. मग कोणी 'काळजीचं कारण नाही' म्हटलं की विश्वास का ठेवायचा?

---

रानवारा

पैलतीर, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे आणि त्सुशिमाचं उदाहरण तर मला स्वतःला फार अस्वस्थ करतं. माणसं शहाण्यासारखी वागली, घर सोडून निघाली, आणि केवळ नकाशा मिळाला नाही म्हणून चुकीच्या दिशेला गेली.

पण याच्यात एक धीर देणारी गोष्टही आहे. अपघात दूरवर लपत नाही. चेर्नोबिल उघड झालं कसं? २८ एप्रिलला सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुप्रकल्पात एक कर्मचारी तपासणी यंत्रापुढे आला आणि अलार्म वाजला. कारण निघालं त्याचे बूट. आपल्याच प्रकल्पात गळती झाली असं त्यांना आधी वाटलं. मग बुटांवरचे कण तपासले तर त्यातली मूलद्रव्यं त्यांच्या प्रकल्पातून येण्यासारखी नव्हती, वाऱ्याची दिशा बघितली, आणि बोट गेलं ते ११०० किलोमीटरवरच्या सोव्हिएत युनियनकडे. पोलंडनेही मॉस्कोची वाट न बघता स्वतःच्या हवेत मोजून २९ तारखेपासून मुलांना आयोडीन द्यायला सुरुवात केली, जवळपास १ कोटी ५ लाख मुलांना दिलं.

आज तर अण्वस्त्र चाचण्या पकडायला उभारलेली केंद्रं जगभर आहेत, रोज हवा गाळून फिल्टर तपासतात. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य सापडलं, वारा उलटा तपासत शास्त्रज्ञ उरल पर्वताच्या दक्षिण भागापर्यंत पोचले. रशियाने आजवर जबाबदारी घेतलेली नाही, पण लपवता काही आलं नाही. तेव्हा एका सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही, पाच देशांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा.

---

मोजमाप

रानवारा यांचा मुद्दा पुढे नेतो, कारण इथेच लोकांची मोठी गल्लत होते. ही यंत्रणा इतकी नाजूक आहे की काहीतरी सापडतंच. फुकुशिमानंतर साधारण दोन आठवड्यांत अख्ख्या उत्तर गोलार्धात त्याचे अंश सापडले. पेपरात मथळा येतो 'रेडिएशन अमुक देशात पोचलं', तो खराच असतो, आणि वाचणारा हादरतो. लांब कुठेतरी शेकोटी पेटली तर वास इथपर्यंत येतो पण डोळे चुरचुरत नाहीत, तसं आहे हे. बातमीत आकडा आणि एकक नसेल तर ती बातमी अर्धवट आहे असं समजा.

आकडेच सांगायचे तर जगात माणसाला निसर्गातूनच, म्हणजे जमीन, हवा, अन्न, अवकाश यातून, वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) मिळतात. पोटाचा सीटी स्कॅन १० च्या आसपास. आपल्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियम-४० आहे, त्याचे दर सेकंदाला चार-पाच हजार अणू फुटत असतात, जन्मापासून मरेपर्यंत. आणि चेर्नोबिलसारख्या भयंकर अपघातानंतर, सोव्हिएत युनियनच्या बाहेरच्या युरोपातल्या माणसाला २० वर्षांत मिळून सरासरी ०.३ मिलिसिव्हर्ट जास्तीचे मिळाले, असा संयुक्त राष्ट्रांच्या अनस्केअर समितीचा अंदाज आहे. युरोपात ही गत, तर त्याच्या कितीतरी पलीकडे राहणाऱ्यांचं काय ते तुम्हीच बघा.

आता कोणीतरी म्हणेल की रेडिएशनचा कुठलाच डोस सुरक्षित नसतो. हे वाक्य येतं ते नियम बनवणाऱ्यांच्या गृहीतकातून. जितका डोस तितका धोका, अगदी शून्यापर्यंत, असं धरून चालायचं म्हणजे नियम कडक राहतात. नियमांसाठी ते योग्यच आहे. पण त्याच गृहीतकाने हिशोब केला तरी ०.३ मिलिसिव्हर्टचा एका माणसाला होणारा धोका इतका बारीक निघतो की बाकीच्या कॅन्सरांच्या गर्दीत तो कुठल्याच पाहणीत वेगळा दिसत नाही.

---

पैलतीर

आकडे मान्य. पण सरासरी हा शब्द मला आवडत नाही. सरासरी २ फूट खोल पाण्यात पण माणूस बुडतो.

---

मोजमाप

बरोबर पकडलंत. सरासरीने सगळं कळत नाही आणि त्याचं मुख्य कारण पाऊस. ढग वरून निघून गेला तर जमिनीवर फारसं काही राहत नाही, पण त्याच वेळी सर पडली की सीझियम खाली धुऊन येतं. स्वीडनमध्ये येव्हलेच्या आसपास आणि जर्मनीतल्या बव्हेरियात असे डाग पडले, तर मधले मोठे पट्टे जवळजवळ स्वच्छ राहिले. वेल्समधल्या डोंगरांवरच्या मेंढ्यांवरचे निर्बंध तर २०१२ मध्ये उठले, म्हणजे अपघातानंतर २६ वर्षांनी, कारण तिथल्या मातीतून सीझियम गवतात येत राहिलं. मेसेजमधल्या पावसाच्या वाक्यात तथ्याचा अंश आहे तो हा. पण तिथेही धोका भिजण्यातून नव्हता, मेंढीच्या मांसातून होता, म्हणून एकेक मेंढी मोजूनच बाजारात सोडायचे. अशा वेळी मोजायचं काय तर दूध, पालेभाज्या, रानातली मश्रूम, मांस.

---

मृद्गंध

मला यातली सर्वात दुःखद बाजू सांगायचीय, तिच्यावर कोणी बोलत नाही.

चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये घबराट पसरली. तिथला जास्तीचा डोस १ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी होता. गर्भाला इजा व्हायला साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या वर लागतात. तरीही अफवा, उलटसुलट बातम्या आणि काही डॉक्टरांचे सल्ले यामुळे बायकांनी गर्भपात करून घेतले. १९८७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अंदाज आहे २,५०० चा, आणि ही हवी असलेली बाळं होती. त्या बायकांना दोष देऊच नका, त्यांना कोणी नीट सांगितलंच नाही. रेडिएशनने जे केलं नसतं ते भीतीने केलं.

फुकुशिमातही तेच, फक्त दुसऱ्या तऱ्हेने. प्रकल्पाजवळच्या एका रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले म्हातारे पेशंट घाईघाईत बसमध्ये बसवले, तासन्‌तास फिरवले, सोबत औषध नाही, नर्स नाही. चाळीसहून जास्त जण त्यात आणि त्यानंतर लवकरच गेले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतर, हाल, उपचार तुटणं यामुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद २,३०० च्या वर आहे, तिथे प्रत्यक्ष त्सुनामीत गेलेल्यांपेक्षा जास्त. लोकांना हलवायला नको होतं असं मी म्हणत नाही, जवळ राहणाऱ्यांना हलवायलाच हवं होतं, पण आयसीयूतला पेशंट कसा हलवायचा याचा विचार आधी करून ठेवायला हवा होता. आणि जे सुखरूप बाहेर पडले त्यांच्याकडे निवाऱ्याच्या दारात तपासणीचं सर्टिफिकेट मागितलं. योकोहामात स्थलांतर करून गेलेल्या एका मुलाला शाळेत जंतू म्हणून छळलं, पैसे उकळले. वाचून रडू येतं.

---

कातळ

मृद्गंध, याच्यासाठी एक गोष्ट परत परत सांगायला पाहिजे. रेडिएशन अंगावर पडलेला माणूस किरणोत्सारी होत नाही. एक्सरे काढून बाहेर आलेल्या पेशंटच्या शेजारी बसून कोणाला काही होतं का? कपड्यांवर, केसांवर धूळ बसली असेल तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा कपडे बदलले आणि साबणाने अंघोळ केली की बहुतेक सगळी निघते. डिटेक्टर अंगावरून फिरवला की मिनिटाभरात कळतं. एकाचं दुसऱ्याला लागायला तो काही ताप नाही. ज्या मुलाने घर सोडलं, शाळा सोडली, त्याच्यापासून दोन हात लांब बसायला कसलाही वैद्यकीय आधार नाही.

---

शिवार

समुद्राचं राहिलंच की. तो लाल-जांभळा नकाशा सगळ्यांनी बघितला असेल, जपानपासून अमेरिकेपर्यंत प्रशांत महासागर पेटल्यासारखा, खाली लिहिलेलं 'फुकुशिमाचं रेडिएशन'. तो नकाशा त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा आहे, अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राच्या सरकारी संस्थेने काढलेला. बाजूच्या पट्टीवर सेंटिमीटर लिहिलेलं असतं, फॉरवर्ड करताना तीच पट्टी कापून टाकतात.

खरी मोजणी झाली ती ट्यूना माशांवर. २०११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ पकडलेल्या ब्लूफिन ट्यूनात सीझियम-१३४ सापडलं. ते २ वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे जुन्या बॉम्ब चाचण्यांचं असूच शकत नाही, फुकुशिमाचंच. मासा ते अंगात घेऊन अख्खा महासागर पोहून आला. पण प्रमाण बघितलं तर त्याच माशातल्या नैसर्गिक पोटॅशियम आणि पोलोनियममधून मिळणारा डोस त्याहून कितीतरी जास्त होता.

ऑगस्ट २०२३ पासून जपान फुकुशिमा प्रकल्पातल्या टाक्यांमधलं शुद्ध केलेलं पाणी समुद्रात सोडतंय, त्यावेळीही चीन-कोरियात मिठाचे साठे झालेच. त्या पाण्यातलं ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, काढता येत नाही म्हणून पातळ करून सोडतात, लिटरला १,५०० बेकरेलच्या आत (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १०,००० आहे. तरीही तिथल्या कोळ्यांचा विरोध मला समजतो. त्यांचा मासा स्वच्छ असून विकला जात नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय असं काही करणार नाही असा शब्द दिलेला होता.

---

सईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्या नाही मागवत. एकच शेवटचं विचारते, खरोखर अशी बातमी आली तर मी त्या दिवशी नेमकं काय करू? नुसतं बसून राहणं जमत नाही हो.

---

रानवारा

सईची_आई, बसून राहू नका, आकडे बघा. युरोपातल्या हजारो केंद्रांची मोजणी युरडेप या युरोपीय यंत्रणेच्या नकाशावर कोणालाही बघता येते, फुकुशिमानंतर उभ्या राहिलेल्या सेफकास्टच्या स्वयंसेवकांची मोजणीही खुली आहे. आधी अपघाताच्या जवळच्या देशांचे आकडे बघा. तिथेच ते नेहमीच्या पातळीला असतील तर तुमच्याकडे हजारो किलोमीटरवर काही येणार नाही. ते वाढलेले दिसले तर आपल्या देशातल्या अणुऊर्जा नियामकाचं निवेदन शोधा आणि त्यात आकडा आहे का ते बघा. नसेल तर ईमेल करून मागा, माहितीचा अर्ज टाका. आयरिश लोण्यात चेर्नोबिलचा अंश आहे म्हणून आपल्याकडे काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि १९८८ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तपासून घेतलं. लोणी सुरक्षित निघालं. मला तो रस्ता योग्य वाटतो.

सांगणाऱ्याने कसं सांगावं याचं उदाहरण टोकियोचं आहे. २३ मार्च २०११ ला तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्रात लिटरला २१० बेकरेल आयोडीन-१३१ सापडलं. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १००, मोठ्यांसाठी ३००. त्यांनी आकडा जाहीर केला, फक्त बाळांना नळाचं पाणी देऊ नका म्हटलं, बाळं असलेल्या घरांना बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी आकडा ७९ वर आला, तोही सांगितला.

आणि तुमच्या मैत्रिणीला आजच फोन करा. तिने मुलांना गोळ्या द्यायला सुरुवात केली असेल तर लगेच बंद करून मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा, किती दिवस आणि किती मिलिग्रॅम दिल्या ते लिहून सोबत न्यायला सांगा.